बार्लीचा अरक

माझ्या नवऱ्याने घरात बिअर करायला घेतली त्या दिवसापासून आमच्याकडे कोण कोणाला काय विचारतंय आणि कोण कशाचं उत्तर देतंय, याचा मेळ बसेनासा झाला. मी मूळची बैरूतची. लग्न होऊन इथे डोंगरापलीकडच्या झाहले गावात आले तेव्हा मला वाटलं होतं, दारूच्या बाबतीत तरी या गावाला कोणी काही शिकवायला नको. द्राक्षं आंबवून, भट्टीवर चढवून त्यांचा अरक काढत नाही असं घर इथे शोधावं लागतं. माझे सासरे अबू फारिस, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, फारिसचे वडील, यांचा अरक तर नदीकाठच्या मोठ्या खानावळीत लोक नाव घेऊन मागतात. पण आपल्याला सगळं येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्याइतका घोळ दुसरं कोणी घालत नाही, हे मला याच घरात कळलं.

फारिस शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. आमचं चलन, लिरा, घसरत गेलं आणि त्याच्या पगारात गाडीची टाकीसुद्धा भरेनाशी झाली. त्याच सुमाराला त्याने तळघरात प्लास्टिकची पिंपं मांडली. माणूस वैतागला की काहीतरी नाद लावून घेतो, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग त्याने पहिला पेला माझ्यासमोर ठेवला, मी तोंड वाकडं करायच्या तयारीतच घोट घेतला आणि गप्प बसले. उत्तम होती. थोडी कडवट, थोडी भाजलेल्या पावासारखी. मी आणखी मागितली तेव्हा तो जो हसला, तसा तो पगार झाल्यावरही हसत नाही.

पण हे झालं माझं. बाकीच्यांचं काय सांगावं.

डिसेंबरात त्याने बार्लीला मोड आणले, ती वाळवली, भरडली आणि पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली. आता आमच्याकडे संत बार्बाराच्या सणाला गहू उकडून त्यात साखर, यानसून आणि डाळिंबाचे दाणे घालतात आणि घरोघरी वाटतात. यानसून म्हणजे बडीशेपेची धाकटी बहीण, अरकाला जो वास येतो तो तिचाच. माझ्या सासूबाईंनी, इम्म फारिसनी, ते पोतं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. देवळाच्या दारात कधी न दिसणाऱ्या मुलाला सण आठवला, आपल्याला त्रास नको म्हणून त्याने धान्य भरडूनही ठेवलं. त्यांनी मोठं पातेलं चढवलं. संध्याकाळी फारिस शाळेतून आला.

"आई, जिन्याखालचं पोतं कुठाय?"

"वाटलं."

"काय वाटलं?"

"सगळ्या गल्लीत वाटलं, तुझ्या नावाने. अबूनांनी दोन वाट्या घेतल्या."

अबूना म्हणजे आमचे धर्मगुरू. बार्लीची टरफलं तशीच होती, त्यामुळे ते बिचारे रविवारपर्यंत दाढीतून काहीतरी वेचून काढत होते. फारिसने डोकं धरलं. सासूबाईंना वाटलं, मुलगा भारावून गेला. त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवलेली वाटी पुढे केली आणि त्याने ती खाल्ली, काय करणार.

पुढच्या महिन्यात हॉप्सची फुलं आली. कोणीतरी परदेशातून येताना फारिससाठी आणलेली, लहानशी पिशवी. बिअरचा कडवटपणा याच फुलांचा. सासूबाईंना खोकला झाला होता. त्यांनी नेहमीच्या फुलापानांच्या काढ्यासारखी ती मूठभर उकळून प्यायली आणि दुपारी ज्या झोपल्या त्या संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी उठेनात. जाग आली तेव्हा म्हणाल्या, "काढा कडू आहे, पण गुण चांगला. आणखी आण."

शेजारच्या इम्म नकूला यांना मूतखडा. डॉक्टरांनी बार्लीचं पाणी प्यायला सांगितलेलं. त्या रोज सकाळी जग घेऊन दारात.

"खाला, ही बिअर आहे," फारिस समजावायचा.

"बार्लीचीच ना?"

"बार्लीचीच."

"पाणी आहे ना त्यात?"

"आहे, पण..."

"मग भर."

खडा पडला की नाही ते माहीत नाही, पण आता त्याची आठवण येत नाही, असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं. आणि फारिसचा मित्र विसाम, त्याला स्वतःलाच बिअर करायची हौस आली. हा माणूस सांगितलेल्यातलं निम्मं ऐकतो. फारिस म्हणाला होता, शेवटी बाटलीत चिमूटभर साखर घाल, बूच लाव आणि विसरून जा. विसामने चिमटीऐवजी मूठ घेतली, बाटल्या पलंगाखाली ढकलल्या आणि खरोखरच विसरला. त्या फुटायला लागल्या तेव्हा त्याची बायको मुलांना उचलून जिन्यात जाऊन बसली आणि रेडिओ लावून बातम्यांची वाट बघत राहिली. आपल्या लोकांना स्फोटांची सवय आहे.

पण या सगळ्यांचं चुकणं मला कळत होतं. सासऱ्यांचं काय चुकतंय हेच कळत नव्हतं, कारण त्यांचं बोलणं अगदी बरोबर वाटायचं. ते तळघरात उतरायचे, पिंपावर कान ठेवायचे, झाकण किलकिलं करून वास घ्यायचे.

"आंबलंय छान," ते म्हणायचे. "भट्टीवर कधी चढवायचं?"

"चढवायचं नाही, बाबा."

"का? लाकडं ओली आहेत का?"

"हे असंच प्यायचं असतं."

"असंच? गढूळ?"

"असंच."

मग ते वर येऊन माझ्याशेजारी बसायचे. "हनान, मुलगा हुशार आहे," ते हळू आवाजात म्हणायचे, "पण अर्ध्यावर सोडायची खोड आहे त्याला. लहानपणी ऊद वाजवायला शिकला, तेही अर्ध्यावर." मी त्यांना किती वेळा सांगितलं, अम्मो, बिअर म्हणजे अर्धवट राहिलेला अरक नाही. ते मान डोलवायचे. माझी समजूत घालताहेत असं वाटायचं मला. कधीकधी तर मीच गोंधळायचे, की खरंच फारिस काहीतरी विसरतोय की काय.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. फारिसचा मावसभाऊ तानियोस कुवेतला असतो. त्याने तिथल्या एका शाळेत फारिससाठी शब्द टाकला होता. पगार चांगला, घर त्यांचं. फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी तो फोन करणार होता. तेव्हा हो म्हटलं नाही तर नाव दुसऱ्याचं. फारिसला जायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण नुसतं नाही म्हणून पोट भरत नाही. तेवढ्यात नदीकाठच्या खानावळीचा मालक इस्कंदर, जो दरवर्षी सासऱ्यांकडून अरक घेतो, त्याने कुठेतरी फारिसची बिअर चाखली आणि म्हणाला, "दोन पिंपं भरून कर. तीन आठवड्यांनी, रविवारी, मी जेवायला येतो. माझ्या स्वयंपाक्याला घेऊन चव बघतो. पसंत पडली तर उन्हाळाभर जेवढी करशील तेवढी माझी." तो रविवार नेमका तानियोसच्या फोनच्या आदल्या दिवशीचा. एवढं झालं असतं तर आम्ही राहिलो असतो. त्या दोन पिंपांत आमचं राहणं होतं, दुसरं काही नाही.

कुवेतचं सासऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझी नणंद जुमाना ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा त्यांनी महिनाभर अंथरूण धरलं होतं. म्हणून ठरलं, काही नक्की होईपर्यंत बाबांच्या कानावर घालायचं नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की रविवारी इस्कंदर येणार आहे आणि त्याला फारिसच्या हातची चव बघायची आहे.

त्या आठवड्यात फारिसला बिअरमध्ये भरायच्या गॅसचं सिलिंडर आणायला बैरूतला जायचं होतं. आईला भेटायचं म्हणून मीही गेले. आम्ही उतरलो आणि मागे घाटात बर्फ पडलं, रस्ता बंद. शुक्रवार आला तरी आम्ही आईच्या घरी, आणि फारिस सिलिंडर मांडीशी घेऊन बसलेला. शेवटी घरचा फोन लागला. सासऱ्यांनी उचलला. आमच्याकडे बाप मुलालाही लाडाने बाबाच म्हणतो, त्यामुळे या दोघांचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कोणाला काय सांगतंय ते कळायची सोय नाही.

"बाबा, खाली जाऊन बघा ना, पिंपांच्या नळीतून बुडबुडे येतायत का."

"कालपासून गप्प आहेत रे बाबा."

"दोन्ही? नक्की, बाबा?"

"मी काय आज पहिल्यांदा आंबवण बघतोय का, बाबा?"

"मग झालं. आता वेळ घालवून चालणार नाही. इस्कंदर यायच्या आत फक्त..."

आणि फोन कटला. फक्त गॅस भरायचा राहिलाय, तो मी येऊन भरतो, तुम्ही हात लावू नका, असं त्याला म्हणायचं होतं. तो पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिला. बर्फाने तारा कुठेतरी तुटल्या असणार.

शनिवारी फोन लागला तर सासूबाई.

"काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या. "बाबांनी सगळं केलंय."

"काय सगळं?"

"पुढचं."

"कसलं पुढचं, आई?"

"मला काय कळतंय त्यातलं. आता नीट थंड होऊ दे म्हणतायत, हलवू नका म्हणतायत."

फारिसने फोन ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता. "ऐकलंस? बाबा पिंपं थंड ठेवतायत. न सांगता कळलं त्यांना." तो माझ्या आईलाही जाऊन सांगून आला. मला तेव्हा काहीतरी खटकलं होतं, पण त्या माणसाला आपल्या बापाचं एवढं कौतुक करताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

रविवारी सकाळी घाट उघडला. तासाभरात गॅस भरून होईल, थंडी तर आहेच, जेवणाच्या वेळेला बिअर तयार, असा हिशोब करत आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि फारिसने काच खाली केली.

"या दिवसांत कोण भट्टी लावतंय?"

यानसूनचा वास येत होता. आमच्या घराकडे जावं तसा तो वाढत गेला.

अंगणात ताडपत्रीखाली तांब्याची भट्टी, खाली विझत आलेले निखारे. पलीकडे टेबल मांडलेलं, त्यावर कच्च्या मटणाची किब्बे, लबने नावाचं घट्ट दही, सलगमाचं गुलाबी लोणचं, शेजारच्या घरांतून आणलेल्या खुर्च्या. इम्म नकूला बसलेल्या, विसाम बसलेला. आणि मधोमध माझे सासरे, ठेवणीतला कोट घालून, हातात काचेची सुरई घेऊन.

"ये रे बाबा," ते म्हणाले. "तुझा पहिला अरक."

फारिसने हातातलं सिलिंडर खाली ठेवलं. तो तळघरात गेला. मी त्याच्यामागे गेले. दोन्ही पिंपं स्वच्छ धुऊन पालथी घातली होती. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने एक पिंप उचलून खाली पाहिलं, जणू बिअर तिथे लपून बसली असेल. मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी एवढंच म्हटलं, "वर चल, लोक आलेत."

वर सासरे इम्म नकूलांना सांगत होते. "एवढी दोन पिंपं, पण निघाला जेमतेम सुरईभर आणि वर थोडा. दोनदा काढला, दुसऱ्यांदा यानसून घालून. बार्लीत दम नाही. आणि वर गवत तरंगत होतं, सगळं गाळून काढलं. पण पहिलाच आहे, चालायचंच." मग त्यांचा आवाज जरा बसला. "मला वाटायचं, माझ्यामागे ही भट्टी भंगारवाल्याकडे जाणार. पोरगा खाली काय करतोय ते कळतच नव्हतं. आता कळलं. शिकत होता, न सांगता. लाजत असेल."

मी फारिसकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं होतं, आणि हे ऐकून पुन्हा मिटलं.

तेवढ्यात इस्कंदर आला, मागे त्याचा स्वयंपाकी. सासऱ्यांनी स्वतः पेले भरले, पाणी घातलं, अरक पांढरा झाला. इस्कंदरने पेला नाकाशी नेला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. घोट घेतला. स्वयंपाक्यानेही घेतला आणि मुकाट्याने लोणच्याकडे हात नेला.

"कसा आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"वेगळा आहे, अबू फारिस."

"वाईट आहे," सासरे म्हणाले. त्यांनी स्वतः घोट घेतला होता, आणि अरकाच्या बाबतीत ते पोटच्या मुलासाठीही खोटं बोलत नाहीत. "करपलेल्या पावासारखा लागतो. पण पुढच्या खेपेला मी शेजारी उभा राहीन."

इस्कंदर फारिसकडे वळला. "मला तर तू बिअर म्हणाला होतास."

"बिअर?" सासरे हसले. "ती झालीच होती की. मग चढवली."

"चढवली म्हणजे?"

"म्हणजे उकळली. बुडबुडे थांबल्यावर दुसरं काय करतात?"

इस्कंदर एकदा भट्टीकडे बघतो, एकदा फारिसकडे. विसाम म्हणाला, "मला वाटलं, हीच ती नवी पद्धत." इम्म नकूला म्हणाल्या, "पण बार्लीचाच आहे ना?" आणि त्या गोंगाटात फारिस उठून उभा राहिला.

"बाबा, ते उकळायला केलं नव्हतं मी." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी ते इथे राहायला केलं होतं. आज यांनी ती चाखली असती तर मी राहिलो असतो. आता ते गेलं. उद्या तानियोसला हो म्हणतो आणि जातो कुवेतला."

सासरे सुरई हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना कशाचाच संदर्भ लागत नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "कुवेत कोणाचं?" त्यांनी विचारलं. "अरकाचं चाललंय, मध्येच कुवेत कुठून आलं?"

"अहो, ती शाळेची नोकरी नाही का," इम्म नकूला म्हणाल्या. "तानियोसने लावलेली. तुम्हाला माहीत नाही?"

सासऱ्यांनी सुरई टेबलावर ठेवली. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. सासूबाईंनी पदराशी करावा तसा रुमालाशी चाळा सुरू केला. विसाम आपल्या बुटांकडे बघत होता.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

शेवटी मीच बोलले. "अम्मो, जुमाना गेली तेव्हा तुमची काय अवस्था झाली होती. म्हणून नाही सांगितलं."

"म्हणून नाही सांगितलं."

"हो."

"सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी त्या पिंपांशेजारी गादी घालून झोपलो असतो. कोणाला हात लावू दिला नसता."

मला इतका राग आला. त्यांचा नाही, आमचा. बिअर म्हणजे काय ते वर्षभर त्यांना समजावत बसलो, नळीचं, झाकणाचं, फुलांचं, सगळं सांगितलं, आणि ती कशासाठी करतोय तेवढं एक लपवलं. आणि वर त्यांनाच काही कळत नाही म्हणून हसत होतो.

ते इस्कंदरकडे वळले. "पुन्हा करायला किती लागतात रे?" हा प्रश्न फारिसला होता, पण बघत होते इस्कंदरकडे.

"तीन आठवडे," फारिस म्हणाला.

"तीन आठवड्यांनी ये, इस्कंदर. जेवायलाच ये."

"येतो की," इस्कंदर म्हणाला. भला माणूस आहे तो. "माझी खानावळ कुठे पळून जात नाही. पण चव घेतल्याशिवाय शब्द देत नाही मी, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या अरकालाही पहिल्या वर्षी दिला नव्हता."

"बरोबर आहे," सासरे म्हणाले.

"पण तानियोस तीन आठवडे थांबणार नाही," फारिस म्हणाला. "तो उद्या सकाळी विचारणार."

किब्बे खाल्ली गेली, अरक कोणी प्याला नाही. जाताना इम्म नकूलांनी मात्र एक लहान बाटली भरून मागितली, खड्यासाठी. सासऱ्यांनी भरून दिली.

लोक गेल्यावर आम्ही दोघं भांडलो. मी म्हटलं, मला कुवेतला यायचं नाही. तो म्हणाला, मलाही नाही. मी म्हटलं, मग नाही सांग. तो म्हणाला, कशाच्या जोरावर, रिकाम्या पिंपांच्या? तिथे दारूबंदी, बिअरचं नाव काढायचीही सोय नाही, आणि इथे पुन्हा केली आणि इस्कंदरला नाही आवडली तर? आम्ही दोघं एकाच बाजूचे, आणि तरी आमचं इतकं वाजलं की शेवटी कोण कशासाठी भांडतंय ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "हो म्हणतो आणि मोकळा होतो," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी वीज आली. वीज आली की आमच्याकडे आधी अंघोळीला पळायचं असतं, कारण ती किती वेळ राहील याचा नेम नाही. फारिसने बंद पडलेला मोबाइल चार्जिंगला लावला आणि न्हाणीघरात गेला. बर्फामुळे शाळेला सुट्टीच होती. मी कॉफी ठेवायला बाहेर आले तर सासरे घरच्या फोनजवळच्या खुर्चीत बसलेले. ठेवणीतला कोट अंगात, केस विंचरलेले, हात गुडघ्यांवर.

"अम्मो, कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग कोट?"

"थंडी आहे."

थंडीला त्यांचा लोकरीचा जुना कोट असतो. मला काही समजेना, आणि या घरात मी आता समजून घ्यायचा हट्ट सोडला होता. मी कॉफी ढवळत राहिले. फोन वाजला. त्यांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"हॅलो. कोण? मोठ्याने बोल. कोण तानियोस?" त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "नाही. कोण पाहिजे? फारिस?" ते थांबले. मी हातातला चमचा खाली ठेवला. "नाही बाबा. इथे कोणी फारिस नाही."

पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. तानियोस ओरडून काहीतरी विचारत होता. अम्मो, मी तुमचा आवाज ओळखतो, असंच काहीसं.

"मी कोण?" सासरे म्हणाले. "मी वदीअ."

हे नाव मी लग्नाच्या कागदावर वाचलं होतं. त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, दुसऱ्या कोणाच्याही नाही. गावाला, घराला, देवळाला ते अबू फारिसच. त्यांनी फोन ठेवला आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.

"आता उद्यापासून," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बार्ली किती वेळ भिजत घालायची ते मला सांगायला सांग त्याला. नीट सांग म्हणावं. अर्धवट नको."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्यांच्यावर ओरडावंसंही वाटलं, कारण असं कोणी करतं का, दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल असा लावतं का. मी यातलं काहीच केलं नाही, कारण फोन पुन्हा वाजायला लागला होता. आता सासरे फोनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. घंटा वाजत राहिली. न्हाणीघरातलं पाणी थांबलं.

"हनान," फारिसने आतून हाक मारली. "कोणाचा फोन आहे?"

"राँग नंबर," मी ओरडून सांगितलं.